सुई आणि धग : एका प्राचीन उपचाराची आधुनिक परीक्षा

औषधाची परीक्षा करणे तत्त्वतः सोपे असते. दिसावयास सारख्या अशा दोन गोळ्या करावयाच्या, एकीत औषध घालावयाचे, दुसरीत नुसती साखर. कोणाला कोणती मिळाली हे रोग्यालाही ठाऊक नसते आणि देणाऱ्यालाही नसते. ठरलेल्या मुदतीनंतर हिशेब मांडला की औषधाचा गुण किती आणि मनाच्या विश्वासाचा किती, हे निराळे काढता येते. परंतु ज्या उपचारात गोळी नाही, काढा नाही, केवळ सुई टोचावयाची किंवा अंगाजवळ निखारा धरावयाचा, त्याची परीक्षा कशी करावयाची? चिनी वैद्यकातील सूचिचिकित्सा, म्हणजे ॲक्युपंक्चर, आणि तिच्या जोडीची धगचिकित्सा, म्हणजे मॉक्सिबस्चन, यांच्यासंबंधीचे गेल्या अर्धशतकातील सारे संशोधन या एका प्रश्नाभोवती फिरत आले आहे.

चिनी भाषेत या दोन्ही उपचारांना मिळून एकच नाव आहे : झेनज्यू. झेन म्हणजे सुई आणि ज्यू म्हणजे धग देणे. धगीसाठी वापरतात ती वनस्पती आपल्या दवण्याच्याच कुळातली. तिची पाने वाळवून, कुटून कापसासारखी मऊ करतात आणि त्याची कांडी किंवा शंकू करून तो संथपणे जाळतात. आपल्याकडे डाग देण्याची प्रथा होती आणि सुश्रुताने अग्निकर्म सांगितले आहे. चीनमध्येही पूर्वी त्वचेवर व्रण उठेपर्यंत धग देत असत. आता बहुधा जळती कांडी त्वचेपासून थोड्या अंतरावर धरून शेक देतात.

या विद्येचा मूळ ग्रंथ 'हुआंगदी नेइजिंग' सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे. 'ची' नावाची जीवनशक्ती शरीरातील ठराविक मार्गांनी वाहते, तो प्रवाह अडला की रोग होतो आणि मार्गावरील बिंदूंवर सुई किंवा धग दिली की तो मोकळा होतो, अशी ही कल्पना. आज ३६१ बिंदू प्रमाण मानले जातात. सोंग राजवटीत, १०२७ साली, हे बिंदू दाखविणारे पुरुषाकृती काशाचे पुतळे ओतले गेले. पुतळ्याला मेण माखून आत पाणी भरीत आणि विद्यार्थ्याची सुई नेमक्या छिद्रात शिरली तरच पाणी बाहेर येई, असे सांगतात. मात्र ही परंपरा अखंड मानाची होती असे नव्हे. १८२२ साली खुद्द चिनी बादशहाने राजवैद्यांच्या संस्थेतून सूचिचिकित्सा हद्दपार केली होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नव्या राजवटीने तिला पुन्हा आश्रय दिला.

या विद्येचा भारताशी आलेला संबंध मराठी श्रोत्यांना जवळचा वाटेल. १९३८ साली जे भारतीय वैद्यकीय पथक चीनला गेले, त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणीसांनी १९४२ मध्ये तेथेच देह ठेवला. त्याच पथकातील डॉ. बिजयकुमार बसू यांनी पुढे चीनमध्ये ही विद्या शिकून ती कलकत्त्यात आणली. पाश्चात्त्य जगाचे कुतूहल मात्र १९७१ मध्ये चाळवले. अमेरिकन पत्रकार जेम्स रेस्टन यांच्यावर पेकिंगमध्ये आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली आणि नंतरच्या पोटदुखीवर सुया व धग यांचा प्रयोग झाला. शस्त्रक्रिया नेहमीच्या बधिर करणाऱ्या औषधानेच झाली होती. परंतु ती सुयांवरच झाली, अशी वार्ता जगभर पसरली. अद्भुताची आवड सत्यापेक्षा वेगाने धावते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. रोग्याला सुई टोचली की नाही हे कळू न देण्यासाठी दोन युक्त्या निघाल्या. पहिली अशी की, शास्त्रात सांगितलेले बिंदू सोडून भलत्याच जागी, वरवर सुया टोचावयाच्या. दुसरी अधिक चतुर आहे. १९९८ मध्ये श्ट्राइटबर्गर आणि क्लाइनहेंत्स या जर्मन संशोधकांनी अशी बोथट सुई तयार केली, की ती दाबली असता नाटकातल्या खंजिराप्रमाणे आपल्याच मुठीत सरकते. रोग्याला टोच जाणवते. पण सुई आत जात नाही. या लटक्या सुईमुळे खऱ्या सुईला प्रथमच तोलाचा प्रतिस्पर्धी मिळाला.

या तुलनेतून जे निष्पन्न झाले ते भक्तांना आणि टीकाकारांना सारखेच बुचकळ्यात टाकणारे होते. जर्मनीत जुनाट कंबरदुखीच्या ११६२ रोग्यांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन गटांत वाटणी करण्यात आली. एका गटाला शास्त्रोक्त सुया, दुसऱ्याला भलत्या जागी वरवरच्या सुया आणि तिसऱ्याला औषधे, व्यायाम इत्यादी नेहमीचे उपचार देण्यात आले. हा वृत्तांत २००७ साली प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी पहिल्या गटातील शेकडा ४७.६ रोग्यांना ठरविलेल्या मापाने गुण आला होता, दुसऱ्यातील ४४.२ रोग्यांना आणि तिसऱ्यातील अवघ्या २७.४ रोग्यांना. म्हणजे नेहमीच्या उपचारांहून सुई पुष्कळ सरस ठरली. परंतु ती कोठे टोचली याला फारसे महत्त्व उरले नाही. मग त्या ३६१ बिंदूंचे काय?

एका चाचणीवरून निर्णय करू नये, म्हणून अनेक चाचण्यांतील प्रत्येक रोग्याची नोंद एकत्र करून हिशेब मांडण्यात आला. व्हिकर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये २९ चाचण्यांतील १७,९२२ रोग्यांचा असा आढावा घेतला. त्यांनी दिलेले उदाहरण बोलके आहे. प्रारंभी दुखण्याचे माप शंभरात ६० असेल, तर सुया न घेणाऱ्यांत ते ४३ वर येईल, लटक्या सुया घेणाऱ्यांत ३५ वर आणि खऱ्या सुया घेणाऱ्यांत ३० वर. लटक्या आणि खऱ्या सुईत फरक आहे, पण तो लहान आहे. मोठा फरक आहे तो काहीच न करणे आणि सुईचा उपचार करून घेणे यांत.

हा मोठा फरक येतो कोठून? २००८ साली कॅप्चुक यांनी बोस्टनमध्ये आतड्याच्या जुनाट तक्रारीचे २६२ रोगी घेतले आणि ज्यांना उपचार द्यावयाचा त्या सर्वांना लटकी सुईच लावली. केवळ प्रतीक्षा करणाऱ्यांपैकी शेकडा २८ जणांना आराम वाटला. सुई लावणाऱ्याने कामापुरतेच बोलावे असे जेथे ठरले होते, तेथे ४४ जणांना. आणि जेथे त्याने आपुलकीने, वेळ देऊन विचारपूस केली, तेथे ६२ जणांना. आमच्या जुन्या वैद्यांच्या हाताला गुण असे, असे आपण म्हणतो. त्या गुणाचे माप घेण्याचाच हा एक प्रयत्न होता.

परंतु श्रोतेहो, येथेच सावध राहिले पाहिजे. २०११ साली दम्याच्या रोग्यांवर एक छोटी चाचणी झाली. खऱ्या औषधाचा फवारा, खोटा फवारा, लटकी सुई आणि काहीच नाही, अशा चार अवस्थांतून तेच रोगी आळीपाळीने गेले. कितपत बरे वाटले असे विचारता औषधाने शेकडा ५०, खोट्या फवाऱ्याने ४५ आणि लटक्या सुईने ४६ इतकी सुधारणा सांगितली गेली. सगळे जवळजवळ सारखेच! पण यंत्राने श्वासाचा जोर मोजला, तेव्हा औषधाने तो शेकडा २० वाढला होता आणि इतर तिन्ही अवस्थांत सुमारे ७ च. बरे वाटणे आणि बरे होणे या दोन गोष्टी नेहमीच एक नसतात. गुडघ्याच्या दुखण्यात बरे वाटणे हेच पुष्कळसे साध्य असते. दम्याच्या झटक्यात मात्र त्या समाधानावर विसंबणे जिवावर बेतू शकते.

धगचिकित्सेची कथा थोडी निराळी आहे. गर्भ पायाळू असेल, तर आईच्या पायाच्या करंगळीच्या नखाजवळील झियिन या बिंदूला धग द्यावी, म्हणजे मूल फिरते, असे चिनी शास्त्र सांगते. कार्दिनी आणि हुआंग यांनी चीनच्या जिआंग्शी प्रांतात पहिलटकरणींवर ही चाचणी केली आणि ती १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. पस्तिसाव्या आठवड्यात धग घेतलेल्या १३० जणींपैकी ९८ जणींच्या गर्भाचे डोके खाली आले होते. न घेतलेल्या १३० पैकी ६२ जणींचे. निकाल थक्क करणारा होता. परंतु त्याच कार्दिनींनी इटलीत हीच चाचणी केली, तेव्हा दोन्ही गटांत काहीच फरक दिसला नाही. अनेक इटालियन स्त्रियांनी उपचार मध्येच सोडले आणि चाचणी आवरती घ्यावी लागली. तिचा वृत्तांत २००५ मध्ये आला. पुढील चाचण्या एकत्र करता काही उपयोग होत असावा असे दिसते, पण तो पहिल्या आकड्यांइतका नाही. अशी दुसरी परीक्षा किती आवश्यक असते, हे व्हिकर्स यांच्या १९९८ च्या आणखी एका पाहणीवरून ध्यानात येते. चीन, जपान, हाँगकाँग आणि तैवान येथून आलेली सूचिचिकित्सेची प्रत्येक चाचणी तीत अनुकूल निघाली होती. ज्या परीक्षेत कोणीच नापास होत नाही, तिच्या निकालाला मोल कसले?

सुईने शरीरात काहीच घडत नाही, असे मात्र नाही. १९७६-७७ च्या सुमारास आधी उंदरांवर आणि नंतर माणसांवर असे दिसले, की अफूचा परिणाम उतरविणारे नॅलोक्झोन हे औषध दिल्यास सुईने आलेला बधिरपणाही उतरतो. याचा अर्थ शरीर स्वतःच अफूसारखी वेदनाशामक द्रव्ये निर्माण करीत असावे. मनगटाच्या आतल्या बाजूच्या नेइग्वान या बिंदूला सुई किंवा दाब दिल्याने शस्त्रक्रियेनंतरची मळमळ व वांती कमी होते, याला चाचण्यांचा बराच आधार आहे. मात्र 'ची'चे मार्ग शवविच्छेदनात कोणाला सापडलेले नाहीत.

याच पुराव्यावरून सुज्ञ माणसेही निरनिराळे निर्णय करतात. जर्मनीने २००६ मध्ये कंबरेच्या आणि गुडघ्याच्या जुनाट दुखण्यासाठी सुयांचा खर्च विम्यात घेतला. इंग्लंडच्या अधिकृत संस्थेने २००९ साली कंबरदुखीसाठी सुयांची शिफारस केली, २०१६ मध्ये ती काढून घेतली आणि २०२१ मध्ये काही जुनाट वेदनांसाठी पुन्हा या उपचाराचा विचार करावा असे सांगितले. लटक्या सुईशी तुलना करावी की नेहमीच्या उपचाराशी, यावर उत्तर अवलंबून आहे.

मग सामान्य माणसाने काय करावे? निदान आधी करून घ्यावे. वेदनेमागे गाठ, क्षय किंवा हृदयविकार दडलेला असेल, तर सुईने आलेला आराम वेळ दवडणारा ठरतो. चालू असलेले औषध परस्पर बंद करू नये. सुई निर्जंतुक आणि एकदाच वापरावयाची आहे, याची खात्री करावी. अस्वच्छ सुयांनी कावीळ पसरल्याची उदाहरणे आहेत. छातीवर खोल गेलेली सुई क्वचित फुप्फुसाला भोक पाडते आणि धगीने भाजते. तरीही जाणत्या हातात हा उपचार बराच सुरक्षित आहे. जर्मनीत २,२९,२३० रोग्यांची नोंद ठेवली असता त्यांतील शेकडा ८.६ जणांना काही त्रास झाला, आणि तोही बहुधा थोडे रक्त येणे किंवा दुखणे एवढाच.

दोन हजार वर्षांचे वय हे सत्याचे प्रमाण नव्हे, तसेच ते असत्याचेही नव्हे. सुईच्या या परीक्षेने चिनी वैद्यकाच्या सिद्धांतापुढे प्रश्नचिन्ह उभे केले, तसेच ते आधुनिक दवाखान्यापुढेही केले. रोग्याच्या अंगावर हात ठेवून अर्धा तास त्याच्यापाशी बसणारा माणूस जर इतका गुण देत असेल, तर तो अर्धा तास आपण आपल्या रुग्णालयांतून का हरवून बसलो? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी कोणालाही चीनला जाण्याची गरज नाही.