टीम कोण पाडतं?

ऑनलाइन गेममध्ये मॅचचं बटण दाबलं की थोड्याच वेळात अनोळखी दहा जण गोळा होतात आणि पाच-पाच जणांच्या दोन टीम तयार! हॉस्टेलच्या क्रिकेटमध्ये मात्र भिडू वाटून घेण्यातच निम्मी संध्याकाळ जाते. मग कॉम्प्युटर हे भांडण इतक्या झटपट कसं मिटवतो?

आधी आपली पद्धत पाहू. दोन कॅप्टन आळीपाळीने भिडू मागतात. समजा, चौघांची ताकद ४०, ३०, २० आणि १० आहे. पहिला कॅप्टन ४० आणि २० घेणार, दुसऱ्याला ३० आणि १० उरणार. म्हणजे ६० विरुद्ध ४०. मॅच टॉसलाच संपली! त्याऐवजी दुसऱ्या कॅप्टनला सलग दोन भिडू घेऊ द्या. आता ४०+१० आणि ३०+२०, दोन्हीकडे ५०. कॉम्प्युटरही बेरजा जुळवण्याचंच काम करतो. खरी मेख पुढेच आहे. कधी न पाहिलेल्या माणसाची ताकद आकड्यात आणायची कशी?

उत्तर बुद्धिबळातून आलं. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आर्पाद एलो यांची रेटिंग पद्धत अमेरिकेच्या चेस फेडरेशनने १९६० मध्ये आणि फिडेने १९७० मध्ये स्वीकारली. गंमत म्हणजे हे रेटिंग निकालाचा फक्त अंदाज बांधतं. १६०० वाल्याने १४०० वाल्याविरुद्ध शंभर डावांत सुमारे ७६ गुण मिळवावेत, अशी अपेक्षा. एका डावात जास्तीत जास्त ३२ गुणांचा फरक धरला, तर जिंकल्यावर त्याला जेमतेम ८ गुण मिळतात, हरला तर २४ जातात. अंदाज जितका चुकला, तितकी दुरुस्ती मोठी!

पण टीम जिंकली तर श्रेय कोणाचं? यासाठी मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी एक्सबॉक्स ३६० करिता 'ट्रूस्किल' ही पद्धत बनवली. त्यात प्रत्येकाचे दोन आकडे असतात: कौशल्याचा अंदाज आणि त्या अंदाजातली अनिश्चितता. नव्या खेळाडूला २५ आणि ८.३३ मिळतात. म्हणजे सिस्टिम म्हणते, "हा कच्चा लिंबू असेल किंवा छुपा रुस्तम, मला अजून माहीत नाही." टीमची ताकद म्हणजे सगळ्यांची बेरीज. निकाल लागल्यावर ज्याच्याबद्दल खात्री कमी, त्याचा आकडा जास्त हलतो. शंभर मॅच खेळलेल्या जुन्या खेळाडूचा फारसा हलत नाही.

आता दुसरी बाजू. अगदी तुल्यबळ टीम हव्यात तर खेळाडू मिळेपर्यंत थांबावं लागतं. पहाटे तीनला खेळणारे कमी, म्हणून सिस्टिम मापदंड सैल करते आणि मॅच एकतर्फी होतात. शिवाय बेरीज जुळली तरी सूर जुळेलच असं नाही. पाचही जण बॅट्समन असले तर बॉलिंग कोण करणार?

आणि काही महाभाग मुद्दाम नवं अकाउंट काढून नवशिक्यांना झोडपतात. याला 'स्मर्फिंग' म्हणतात. सिस्टिमला त्यांची खरी ताकद कळेपर्यंत बिचारे ज्युनिअर मार खातात, आणि त्यातले काही गेमच सोडून देतात. तेव्हा सीनिअर मंडळी, एवढी कृपा करा!

शेवटी नेहमीची तक्रार: "सिस्टिम मला मुद्दाम हरवते." मित्रांनो, सिस्टिमचं ध्येयच मुळी ५०-५० मॅच हे आहे. तुम्ही जिंकत गेलात की समोर तगडे भिडू येणार, म्हणजे सुधारूनही निम्म्या मॅच हरणारच. नाणेफेकीसारख्या चार मॅच रोज रात्री खेळलात, तर सरासरी १६ रात्रींत एकदा चारही हराल. त्यात कट नाही, साधी प्रोबॅबिलिटी आहे. प्रगती मोजायची असेल तर किती मॅच जिंकलो हे मोजू नका. कोणाविरुद्ध निम्म्या जिंकतो आहोत, ते पाहा. आणि त्या सोळाव्या रात्री कीबोर्ड आपटण्याआधी हे गणित आठवा!