परराज्यातील प्रवेशाचे गणित

समजा, नांदगाव खंडेश्वरच्या एका विद्यार्थिनीला भोपाळच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे तिथल्या एनआयटीत शिकायचे आहे. जेईई मेन परीक्षेत तिला ९८ पर्सेंटाइल मिळाले. तिला प्रवेश मिळेल का?

हे ९८ म्हणजे शेकडा गुण नव्हेत. शंभर परीक्षार्थींपैकी ९८ जण तिच्या बरोबरीचे किंवा मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. परीक्षार्थी १४ लाख धरले, तर २ टक्के, म्हणजे सुमारे २८ हजार जण तिच्या पुढे! हाच तिचा अंदाजे क्रमांक.

आता हव्या त्या शाखेचा प्रवेश पूर्वी कितव्या क्रमांकावर थांबला, ते पाहा. हे आकडे 'जोसा' प्रसिद्ध करते. आपल्या प्रवर्गाचे, शेवटच्या फेरीचे, तीन-चार वर्षांचे आकडे शेजारी मांडा. एका वर्षावर भिस्त नको.

रकाना मात्र नीट निवडा. एनआयटीतील निम्म्या जागा त्या राज्याच्या विद्यार्थ्यांना, निम्म्या इतर राज्यांतील विद्यार्थ्यांना असतात. भोपाळसाठी आपल्याला दुसरा रकाना लागू. नागपूरच्या विश्वेश्वरय्या संस्थेसाठी पहिला.

पण 'आपले राज्य' कोणते? येथे पुष्कळजण फसतात. ते अधिवास दाखल्यावरून नव्हे, तर बारावी कोणत्या राज्यातून उत्तीर्ण झालात यावरून ठरते. नांदगावचा मुलगा राजस्थानात, कोट्याच्या शाळेतून बारावी झाला, तर नागपूरला तो परराज्याचा! मग गावी घर असो, सातबारा असो. म्हणून हा हिशेब अकरावीत नाव घालण्यापूर्वीच करायचा.