एका कबरीपलीकडचे खुलताबाद

दौलताबादचा किल्ला पाहून, घाट चढून वेरूळच्या लेण्यांकडे निघालेला प्रवासी वाटेत खुलताबादेस बहुधा एका कबरीपुरता थांबतो, पायांतले जोडे काढून पाच मिनिटे उभा राहतो, आणि पुन्हा गाडीत बसताना हे गाव आपण पाहिले अशी त्याची प्रामाणिक समजूत झालेली असते. संभाजीनगरहून जेमतेम पंचवीस किलोमीटरांवर, जुन्या तटबंदीच्या आत वसलेल्या या कसब्याविषयी जे सांगितले जाते त्यात अर्धेमुर्धे इतके आहे की, जो कोणी येथे निवांतपणे हिंडण्याच्या इराद्याने येईल त्याच्या हाती आधी थोडी वस्तुस्थिती द्यावी असे मला मनापासून वाटते.

हे गाव औरंगजेबामुळे निर्माण झाले, ही यांतली सर्वांत रुजलेली समजूत आहे. नाव त्याच्यामुळे पडले, हे खरे. ‘खुल्द’ म्हणजे अक्षय स्वर्ग, मृत्यूनंतर बादशहास ‘खुल्द-मकान’ ही उपाधी लाभली, आणि तिच्यावरून झालेले खुल्दाबाद मराठी जिभेवर खुलताबाद होऊन बसले. परंतु त्यापूर्वी या गावाला ‘रौझा’ म्हणत, म्हणजे बाग आणि सत्पुरुषाचे समाधिस्थानही. औरंगजेब जन्मण्याच्या तीनशे वर्षे आधीपासून येथे सूफी सत्पुरुषांच्या समाध्या होत्या. मुन्तजबोद्दीन जर जरी जर बक्ष 1309 साली निवर्तले. महंमद तुघलकाने 1327 च्या सुमारास राजधानी दौलताबादेस हलविल्यावर दिल्लीच्या निजामुद्दीन अवलियांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे वास्तव्य या परिसरात झाले व 1337 साली ते येथेच विसावले. त्यांचे उत्तराधिकारी जैनुद्दीन शिराझी 1369 साली गेले. तापीकाठचे बुऱ्हाणपूर आणि नदीपलीकडचे जैनाबाद ही दोन्ही नावे खानदेशच्या फारुकी राजवटीने याच दोघांच्या स्मरणार्थ ठेविलेली आहेत. यावरून रौझ्याची ख्याती त्या काळी कुठवर पोचली होती याची कल्पना यावी.

औरंगजेबाचा मृत्यू येथे झाला, असेही पुष्कळजण धरून चालतात. तो झाला अहमदनगर मुक्कामी, 3 मार्च 1707 रोजी. देह इकडे आणला गेला तो जैनुद्दीनांच्या दर्ग्याच्या आवारात, त्यांच्या समाधीच्या निकट, जागा मिळावी या त्याच्या इच्छेवरून. म्हणजे पाहुणा जे पाहावयास येतो ती मुळात दुसऱ्याच्या दर्ग्यातील एक उघडी कबर आहे. तिच्या साधेपणाचा अर्थ कोणी हेळसांड असा लावतात, तोही बरोबर नाही. माथ्यावर छत नसावे ही त्याचीच आज्ञा असल्याचे परंपरा सांगते, आणि आज दिसणारी संगमरवरी जाळी ही पुष्कळ नंतरची, निझामाच्या अमदानीतली भर आहे. रस्त्याच्या समोरच्या बाजूस बुऱ्हाणुद्दीनांचा दर्गा आहे. त्याच्या आवारात हैदराबादच्या गादीचा संस्थापक पहिला निझाम आसफजाह याची कबर आहे. तिच्याकडे फारसे कोणी वळत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला तिच्याकडे येतो. गावाच्या वायव्येस थोडे चालत गेले म्हणजे घुमटाची एक घडीव, गंभीर वास्तू लागते. ती मलिक अंबरची. औरंगाबाद, म्हणजेच आजचे संभाजीनगर, औरंगजेबाने वसविले, असे अजून कित्येक सुशिक्षित माणसे सांगतात. वास्तविक हबसाणात जन्मलेल्या, गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या आणि निजामशाहीची मुखत्यारी हाती घेतलेल्या या पुरुषाने 1610 साली खडकी या नावाने ते वसविले, डोंगरातले पाणी भुयारी नहरीने शहरात खेळविले, आणि औरंगजेबाने दख्खनच्या सुभेदारीत त्याचे केवळ नामांतर केले. गनिमी काव्याने मोगलांना जेरीस आणणाऱ्या अंबरचा जहांगीर बादशहाला इतका संताप होता की, त्याच्या तुटलेल्या मस्तकावर आपण बाण सोडीत आहोत असे चित्र त्याने दरबारी चित्रकाराकडून काढवून घेतले. तो अंबर 1626 साली वारला, आणि त्या जहांगीराचा नातू ऐंशी वर्षांनी त्याच्याच गावी चिरनिद्रा घेण्यास आला. अंबरच्या शेजारी त्याची पत्नी बीबी करीमा आहे. जवळच उघड्यावर गोवळकोंड्याचा अखेरचा सुलतान अबुल हसन तानाशाह आहे, ज्याचे राज्य 1687 साली औरंगजेबाने बुडविले व ज्याने उरलेले आयुष्य दौलताबादच्या कैदेत काढले. दख्खनच्या शंभर वर्षांच्या झगड्यातले जेते आणि पराभूत इतक्या थोड्या जमिनीवर एकत्र सापडावेत, असे दुसरे ठिकाण माझ्या पाहण्यात नाही.

अमीर खुसरोचा स्नेही, कवी अमीर हसन सिज्झी, याचीही कबर याच गावी आहे. निजामुद्दीन अवलियांची संभाषणे त्यानेच टिपून ठेविली. त्याच्याच सान्निध्यात 1786 साली वारलेले विद्वान आझाद बिलग्रामी आहेत. फारसी वाङ्मयाची गोडी असणाऱ्याने या दोन कबरी चुकवू नयेत.

खुलताबाद म्हणजे केवळ दर्गे, ही समजूतही गावकऱ्यांच्या वहिवाटीशी जुळत नाही. भद्रा मारुतीची शयन करणारी मूर्ती येथलीच. श्रावणातल्या शनिवारी व हनुमान जयंतीस संभाजीनगरहून भाविक पायी येतात. अशी मूर्ती जगात एकच आहे असे सांगणारे भेटतात. ते श्रद्धेने बोलतात, परंतु प्रयागचा लेटे हनुमान सर्वश्रुत आहे, आणि भद्रा मारुतीच्या माहात्म्याला एकमेवपणाची गरजही नाही. जवळच सुलीभंजनच्या डोंगरावर दत्ताचे स्थान आहे. दौलताबादचे किल्लेदार जनार्दनस्वामी यांच्या आज्ञेने संत एकनाथांनी तेथे तप केले, असे परंपरा मानते. पावसाळ्याच्या अखेरीस तेथला तलाव भरलेला असतो, आणि डोंगरावरून खालचा मुलुख पाहण्याचे सुख वेगळेच आहे.

वाहन बाहेर ठेवून नगारखाना दरवाजाच्या बाजूने पायी आत जावे, डोके झाकण्यास रुमाल जवळ ठेवावा, दर्ग्यात छायाचित्र घेण्यापूर्वी तेथल्या मुजावराला विचारावे, आणि अंबरच्या घुमटाकडे सकाळीच निघावे, कारण त्या वाटेवर सावली थोडी. वेरूळ पुढे अवघे चार किलोमीटर असल्याने लोक येथला वेळ तिकडे वळवितात. परंतु लेणी मंगळवारी बंद असतात, तेव्हा मंगळवार सबंध खुलताबादेस द्यावा.