जंप देऊनही गाडी सुरू होईना

पावसाळ्यातली सकाळ. सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका गाडीचं बोनेट उघडं, तिच्या नाकाला नाक लावून दुसरी गाडी उभी आणि मधे लाल-काळ्या केबल. चावी फिरवली की ‘टक’ असा एकच आवाज यायचा आणि पुढे काही नाही. जमलेल्या पाच-सहा जणांचं एकमत झालं, बॅटरी गेली. मालकानं दुपारीच साडेपाच हजार मोजून नवी बॅटरी बसवली. संध्याकाळी चावी फिरवली, तर पुन्हा ‘टक’. दुसऱ्या दिवशी वायरमन आला. त्यानं इंजिनापासून बॉडीला जाणारी अर्थिंगची गंजलेली पट्टी सोडवली, पॉलिश पेपरनं घासली आणि पुन्हा आवळली. पहिल्याच सेल्फला गाडी सुरू झाली. गेल्या वर्षी मी हे समोर उभा राहून पाहिलं, आणि त्या साडेपाच हजारांची मला अजून हळहळ वाटते. कारण दोष कुठे आहे हे सकाळच्या त्या ‘टक’नंच बरंचसं सांगितलं होतं.

जंप दिला म्हणजे गाडीला उसनी, धडधाकट बॅटरी जोडली. तरीही गाडी सुरू होत नसेल, तर बॅटरीपलीकडे पाहायला हवं, हे उघड आहे. फक्त त्याआधी एक खात्री करावी लागते: उसनी वीज खरोखर सेल्फपर्यंत पोचते आहे का? बाजारात मिळणाऱ्या स्वस्त जंपर केबलचं प्लास्टिक बोटाएवढं जाड असतं आणि आतली तार मात्र केविलवाणी बारीक. शिवाय चिमटे टर्मिनलवरच्या पांढऱ्या-हिरवट थरावरच लावले जातात. अशा जोडणीतून एवढा प्रवाह जाणार तरी कसा? चिमटा स्वच्छ धातूवर घट्ट बसवा, दुसरी गाडी सुरू ठेवा आणि पाच-दहा मिनिटं थांबून मगच सेल्फ मारा. बऱ्याचदा गाडी एवढ्यावरच सुरू होते.

‘लाइट तर लख्ख लागतोय, म्हणजे करंट येतोय’ हे वाक्य अशा प्रत्येक घोळक्यात ऐकू येतं, आणि सगळ्यांची दिशाभूल तिथेच होते. हेडलाइटचा एक बल्ब साधारण ५५-६० वॅटचा असतो, म्हणजे तो ५ अँपिअरच्या आसपास घेतो. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ १०० ते १५० अँपिअर ओढतो, डिझेलला त्याच्या दुप्पटही लागतात. समजा, गंजलेल्या एका जोडात अवघा ०.०२ ओहमचा अडथळा आहे. ५ अँपिअरच्या बल्बला त्यामुळे ०.१ व्होल्ट कमी मिळेल, डोळ्याला कळणारही नाही. १५० अँपिअर मागणाऱ्या सेल्फला त्याच जोडात ३ व्होल्ट कमी पडतील. साडेबारामधले ३ व्होल्ट असे वाटेतच गेले, तर सेल्फ इंजिन काय फिरवणार? चोंदलेल्या पाइपातून तांब्याभर पाणी मिळतं, पण टाकी भरत नाही, तसंच हे आहे.

मात्र हेच लाइट नीट वापरले तर उत्तम निदान करतात. रात्री किंवा भिंतीसमोर हेडलाइट लावा आणि कोणाला तरी चावी फिरवायला सांगा. लाइट एकदम विझले, तर बॅटरीच्या टर्मिनलपाशीच जोड सुटलेला किंवा गंजलेला आहे, नाहीतर बॅटरी पार बसली आहे. लाइट मंदावले आणि सेल्फ कण्हत राहिला, तर प्रवाह जातोय पण पुरत नाही, किंवा इंजिन जड झालंय. लाइट जसेच्या तसे तेजस्वी राहिले आणि सेल्फ गप्प, तर त्याच्याकडे वीज निघालेलीच नाही. मग चूक स्विच, रिले, फ्यूज किंवा सोलेनॉइड (सेल्फला वीज जोडून देणारा चुंबकी स्विच) यांच्याकडे शोधायची.

जुन्या अँबॅसिडरला हँडल मारणाऱ्याच्या हाताला इंजिन मोकळं आहे की जाम, हे तिथल्या तिथे कळायचं. चार्ल्स केटरिंगचा विजेवरचा सेल्फ १९१२ मध्ये कॅडिलॅक गाड्यांत आला, त्यानंतर हळूहळू हातांचं ते काम संपलं. आता ते कानांनी करावं लागतं. ‘कटकटकटकट’ असा भराभर आवाज म्हणजे सोलेनॉइड ओढला जातोय, पण भार येताच व्होल्टेज कोसळून सुटतोय. तिथे बॅटरी, केबल, टर्मिनल यांचाच संशय घ्यावा. एकच दमदार ‘टक’ आला आणि जंप देऊनही तोच आला, तर सेल्फचे कार्बन झिजलेत, सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळलेत, अर्थिंग खराब आहे किंवा इंजिनच अडलंय. कार्बन झिजलेल्या सेल्फवर पान्याच्या मुठीनं हलकेच दोन-चार ठोके दिले की तो एखाद वेळ फिरतो. तेवढ्यावर घर गाठावं आणि सेल्फ दुरुस्तीला द्यावा, रोज ठोकत बसू नये.

अर्थिंगची तपासणी मला सगळ्यात आवडते, कारण तिला एक पैसाही लागत नाही. जंपर केबलच्या काळ्या तारेचा एक चिमटा आपल्याच बॅटरीच्या निगेटिव्हला लावा आणि दुसरा इंजिनच्या उघड्या, रंग नसलेल्या धातूला. आता सेल्फ मारा. गाडी सुरू झाली, तर गुन्हेगार सापडला: बॅटरी, बॉडी आणि इंजिन यांना जोडणारी पट्टी. पार्किंगमधल्या त्या मंडळींच्या हातात केबल होतीच. हे एवढं कोणाला सुचलं असतं, तर नवी बॅटरी घ्यावीच लागली नसती. घरी मल्टिमीटर असेल तर सेल्फ मारताना निगेटिव्ह टर्मिनल आणि इंजिन यांच्यामधलं व्होल्टेज पाहा. ०.२ च्या आसपास ठीक, अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर पट्टी खोलायला घ्या.

बॅटरी खरंच दोषी आहे का, तेही हाच मीटर सांगतो. विसावलेली, पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी उरली आणि १२ च्या खाली गेली तर उतरलीच. रात्रभर चार्ज करूनही आकडा १०.५ वर अडत असेल, तर सहांपैकी एक सेल मेला. अशी बॅटरी उसना करंट स्वतःच गिळून बसते आणि तापते. सडक्या अंड्यासारखा वास आला तर जंपचा नाद तिथेच सोडून दूर व्हावं. त्या वायूंबरोबर पेट घेणारा हायड्रोजनही असतो. जंप देताना काळा चिमटा सर्वांत शेवटी आणि बॅटरीपासून लांब, इंजिनच्या धातूला लावायचा, तो ठिणगी त्या वायूपाशी पडू नये म्हणूनच. आणि हायवेवर अडलात तरी ट्रककडून जंप घेऊ नका. बहुतेक ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्टची व्यवस्था असते, आपल्या कारची १२ ची. इलेक्ट्रॉनिक वस्तू क्षणात जळू शकतात.

चावी फिरवल्यावर काहीच आवाज नसेल, तर आधी साध्या गोष्टी पाहाव्यात. बऱ्याच नव्या गाड्या क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ घेत नाहीत, आणि पायाखालचं मॅट सरकून क्लच अर्धाच दाबला जातो. ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’ऐवजी ‘एन’मध्ये घेऊन पाहा.

सेल्फ जोमानं फिरतोय, पण इंजिन पकडत नाही? मग बॅटरी निर्दोष. कितीही जंप दिले तरी उपयोग नाही, उलट दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारत राहिलात तर तोही जळू शकतो. डॅशबोर्डवर चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत असेल तर इमोबिलायझर चावी ओळखत नाहीये, दुसरी चावी लावून पाहा. पेट्रोल गाडीत चावी ‘ऑन’ केल्यावर मागच्या सीटखालून पंपाची दोन सेकंदांची गुणगुण ऐकू यायला हवी. ती नसेल तर पंप, त्याचा फ्यूज किंवा रिले तपासा. आपल्याकडे पावसाळ्यात उंदीर बोनेटखाली ऊब शोधत येतात आणि वायरी कुरतडतात, तेव्हा टॉर्च घेऊन तेही पाहाच. नेहमीच्या ‘घुर्र-घुर्र’ऐवजी इंजिन विनाभार भर्रकन फिरल्यासारखं वाटलं, तर टायमिंग बेल्ट तुटल्याची शंका घ्या आणि चावीवरचा हात काढा. बऱ्याच इंजिनांत आणखी एका सेल्फनं व्हॉल्व्ह वाकू शकतात.

राहिली सगळ्यात महागडी चूक, आणि ती आपल्याकडे दर पावसाळ्यात होते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत असंख्य गाड्या पाण्यात गेल्या. पाणी ओसरलं की प्रत्येकाला घाई असते ती गाडी सुरू करून बघायची. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर पिस्टन वर येताना अडतो आणि सेल्फचा ‘टक’ ऐकू येतो, अगदी त्या पार्किंगमधल्या गाडीसारखाच. मग बॅटरी उतरली समजून कोणी जंप देतो, कोणी गिअर टाकून धक्का मारायला लावतो, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा नुकसानीची भरपाई साध्या विमा पॉलिसीत बहुधा मिळत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते.

म्हणून गाडी बोनेटपर्यंत पाण्यात उभी होती असं कळलं, तर चावी ‘ऑन’सुद्धा करू नका. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा आणि गाडी उचलून गॅरेजला न्या. तिथे पेट्रोल गाडीचे प्लग, डिझेलचे इंजेक्टर काढून आधी पाणी बाहेर काढायला सांगा, ऑइल बदलून घ्या, आणि मगच सेल्फ मारू द्या.