काळी खिडकी रिकामीच!

रात्रीचे साडेअकरा. तिसगावात आमचं घर रस्त्यापासून आत आहे, तरी पाथर्डीकडे जाणाऱ्या ट्रकचे हॉर्न ऐकू येतात. माझा कॉम्प्युटर मात्र चिडीचूप. दर दहा-पंधरा मिनिटांनी माऊस गोठायचा, हार्ड डिस्कचा दिवा लागून राहायचा आणि मग काही घडलंच नाही अशा थाटात सगळं पुन्हा चालू! सेकंडहँड मशीन, त्यावर उबुंटू आणि त्यात आमच्या ग्रुपचा अख्खा प्रोजेक्ट. सबमिशनला चार दिवस. बॅकअप? विचारू नका.

लिनक्सला कुठे दुखतंय, ते लिनक्स स्वतःच सांगत असतं. पण हे मेसेज जातात सिस्टिमच्या कन्सोलवर आणि आपण बसलेलो असतो रंगीत डेस्कटॉपसमोर. एका सिनियरच्या जुन्या नोट्समध्ये तोडगा सापडला. एक्सटर्म उघडताना पुढे वजा आणि कॅपिटल सी लावायचा, की कन्सोलचे मेसेज त्या खिडकीत. लावला. खिडकी उघडली, पण रिकामी. ना मेसेज, ना एरर. मग एक्सकन्सोल चालवून पाहिलं. ते निदान खरं बोललं: कन्सोल उघडता आला नाही.

झालं असं, की कन्सोल ही डेव्ह फोल्डरमधली एक फाइल आहे आणि तिची मालकी रूटकडे असते. एक्सटर्म आधी तपासतं, की तुम्ही मालक आहात का, वाचायची-लिहायची परवानगी आहे का. नसेल तर ते गप्प बसतं. (हा गप्पपणा मला एररपेक्षा जास्त छळतो.) पूर्वी लॉगिन करताना डिस्प्ले मॅनेजरच ही मालकी तुमच्या नावावर करून द्यायचा. म्हणून जुन्या नोट्स जुन्या मशीनवर बरोबर होत्या.

मग मित्राचा सल्ला आला, ‘सीएचमॉड ६६६ मार, विषय संपव.’ मारलं. मालकीही बदलून पाहिली. उपयोग शून्य! कारण कर्नल २.६.१० पासून आउटपुट असं वळवायचा हक्क फक्त रूटला आहे. आधी कुणीही वळवू शकायचं, फक्त दुसऱ्या कुणी आधीच वळवलेलं नसलं म्हणजे झालं.

एवढा कडकपणा कशाला? समजा, एसटी स्टँडच्या भोंग्याची वायर कुणी गुपचूप आपल्या घरात ओढली. गाडी रद्द झाल्याचं त्याला कळेल, स्टँडवरची माणसं मात्र ताटकळत राहतील. मेसेजची कॉपी मिळत नाही, मेसेजच पळवला जातो. डिसेंबर १९९० मध्ये अमेरिकेतल्या सर्टने सनओएसमधल्या याच सोयीबद्दल धोक्याची सूचना काढली होती.

आणि खरी गंमत पुढेच. कर्नलचे मेसेज त्या फाइलमधून जातच नाहीत! ते थेट कन्सोलच्या ड्रायव्हरकडे जातात आणि त्यांची नोंद कर्नलच्या स्वतःच्या बफरमध्ये राहते. म्हणजे परवानगी मिळाली असती, तरी मला हवं ते दिसलंच नसतं. दोन तास चुकीच्या दाराची कडी वाजवत होतो म्हणा ना.

बरोबर दार म्हणजे ‘डीमेसेज’. त्यालाही उबुंटूने २०.१० पासून कुलूप लावलंय, कारण या मेसेजमधून कर्नलच्या मेमरीचे पत्ते फुटू शकतात. पण इथे सुडो चालतो. पुढे वजा डब्ल्यू लावला, की नवीन मेसेज येतील तसे दिसत राहतात. रोज लागणार असेल तर स्वतःला ‘एडीएम’ ग्रुपमध्ये घाला, लॉगआउट करून परत या आणि जर्नलसीटीएल वापरा. मग सुडोही नको.

आउटपुट सिस्टिमच्या लॉग फोल्डरमध्ये साठवायला गेलो, तर सुडो असूनही ‘परमिशन डिनाइड’! व्हायव्हात विचारतील, लक्षात ठेवा: ‘मोठ्या’च्या चिन्हापुढची फाइल शेल उघडतं, सुडो नाही. आणि शेल चालतं तुमच्याच नावाने. तिथे पाइप करून सुडो टी वापरायचं.

पुढच्या वेळी माऊस गोठला, तेव्हा खिडकीत ओळी धडाधड पडल्या. एसडीए डिस्क, सेक्टरचा नंबर, आय-ओ एरर. पुन्हा तेच, पुन्हा तेच. डिस्क मरत होती आणि कर्नल तोच भाग परत परत वाचायचा प्रयत्न करत होता.

दीड वाजता बहिणीचा पेन ड्राइव्ह मागून घेतला. तिच्या लग्नाच्या फोटोंच्या शेजारी आमचा प्रोजेक्ट उतरला. दोन फाइल वाचल्या गेल्याच नाहीत, त्या सकाळी परत टाइप केल्या.