मोतीला कच्चे मांस का देत नाही

आमच्या घरी मोती नावाचा कुत्रा आणि मनी नावाची मांजर आहे. दर रविवारी आमच्या गावात बोकड कापतात. मी पिशवी घेऊन तेथे जायचो. खाटीककाका उरलेले फुप्फुस, आतडी फुकट देत. मी ते तसेच कच्चे मोतीला टाकायचो. तो गटागट खायचा. मला फार मजा वाटे.

एकदा आबा शेळ्यांना लस टोचायला गुरांच्या दवाखान्यात घेऊन गेले. मी गेलो, मोतीही मागे मागे आला. डॉक्टरांनी विचारले, "याला काय खाऊ घालतोस?" मी ऐटीत सांगितले. ते म्हणाले, "त्या फुप्फुसावर पाण्याचे फोड दिसले का कधी?" दिसले होते. लिंबाएवढे! मी ते काठीने फोडायचोसुद्धा.

मित्रांनो, त्या फोडात एका जंताची पिल्ले असतात. कुत्र्याने फोड कच्चा खाल्ला की ती त्याच्या आतड्याला चिकटतात. सुमारे दीड महिन्यात त्यांचे जंत होतात. हा जंत एक सेंटीमीटरसुद्धा नसतो, फार तर तांदळाच्या दाण्याएवढा. गंमत अशी, की कुत्रा आजारी दिसतच नाही. पण त्याच्या विष्ठेतून जंताची अंडी बाहेर पडतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत. गवताला लागली की शेळ्यामेंढ्यांच्या पोटात जातात आणि पुन्हा तेच फोड होतात. कुत्र्याच्या केसांनाही ती चिकटतात. तेथून आपल्या हाताला, हातातून तोंडात. मग माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात तसाच फोड वाढतो. कित्येक वर्षे कळत नाही. मोठा झाला की बऱ्याचदा ऑपरेशन करावे लागते.

माझी बहीण दोन वर्षांची आहे. ती मोतीच्या गळ्यात पडते आणि त्याच हातांनी भाकर खाते. मला एकदम तीच आठवली. मी घरी येईपर्यंत बोललो नाही.

आजीला हे पटले नाही. ती म्हणाली, "कुत्राले कच्चंच गोड लागस. सातपुड्यातला लांडगा काय चूल पेटवतो?" आबा म्हणाले, "लांडग्यालाही जंत होतात. पण तो आपल्या पोरीच्या अंगावर येऊन लोळत नाही."

आता आम्ही मांस जुन्या पातेल्यात अर्धा तास उकळतो. फोड असलेला भाग मात्र खोल खड्ड्यात पुरतो, म्हणजे कुत्री उकरत नाहीत. हाडे काढून टाकतो. शिजलेले हाड टोकदार फुटते आणि घशात किंवा आतड्यात रुतते. कांदा घातलेला रस्साही देत नाही. कांदा कुत्र्याला आणि मांजरीला विषासारखा आहे. बाकी मोती भाकरीवरही राहतो.

मनीचे तसे नाही. आम्ही तिला नुसती दूधभाकर द्यायचो. मांजरीला मांस लागतेच. त्यात टॉरिन नावाचा पदार्थ असतो. तो मिळाला नाही तर तिचे डोळे अधू होतात, हृदयही कमजोर होते. म्हणून तापीचे मासे आणले की थोडे शिजवून, काटे काढून तिला देतो, आणि ते पाणीपण देतो, कारण टॉरिन पाण्यात उतरते. उंदीर ती आपले आपण कच्चेच खाते, त्याला आमचा इलाज नाही.

डॉक्टरांनी मोतीला जंताची गोळी दिली. पुढची गोळी कधी द्यायची ती तारीख आबांनी दाराच्या मागे खडूने लिहिली आहे. बहिणीचे हात मी धुतो. साबण लावला की ती रडते.