दुखावलेले वाहन आणि खंडेनवमी

आश्विन शुद्ध नवमी उजाडली की महाराष्ट्रातील घराघरांत नांगर, कोयता, लेखणी, शिवणयंत्र आणि दारातील वाहन यांस गंधाक्षता व झेंडूची फुले वाहिली जातात. ज्यांच्या आधारे संसार चालतो, त्यांच्यापुढे नतमस्तक होण्याचा हा दिवस. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरात वाहनपूजेस आणखी एक अर्थ आहे. नीरेच्या खोऱ्यात साखर कारखान्याभोवती ही उद्योगनगरी वसविणारे शेठ वालचंद हिराचंद हेच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन करणारे उद्योगपती होत. या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात तयार झालेली फियाट आणि पुढे तिचेच पद्मिनी हे रूप मराठी मध्यमवर्गाच्या दारातील वैभव ठरले. तिचे उत्पादन केव्हाच थांबले. मुंबईच्या टॅक्सींतूनही ती ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. तथापि ज्या घरांनी ती जपली, त्यांच्या लेखी ती केवळ मोटार नसून वडीलधाऱ्यांची आठवण आहे.

अशा गाडीस इजा होते ती पुष्कळदा रस्त्यावर नव्हे, तर दारातच, पूजेच्या लगबगीत. जुन्या फियाट ११०० च्या पुढील दारांच्या बिजागऱ्या मागील बाजूस असत. धुताना उघडलेले दार तसेच राहिले आणि घरातील एखाद्या उत्साही मुलाने गाडी पुढे घेतली, की दार फाटकाच्या खांबास अडकून मागे मुरडते. पत्रा चेपतो, बिजागरी वाकते आणि घर क्षणभर स्तब्ध होते. मग आजीबाईंच्या मुखी प्रश्न येतो : खंडित वस्तूची पूजा करावी काय?

आमच्या मते येथे विवेक हवा. भंगलेल्या मूर्तीचे विसर्जन करण्याचा आपला परिपाठ आहे. परंतु आयुधांची गोष्ट निराळी. नांगराचा फाळ बोथटला तर शेतकरी तो टाकून देत नाही. लोहाराकडून पाजवून आणतो आणि पूजेत मांडतो. अवजार झिजणे, दुखावणे हा त्याच्या सेवेचाच भाग होय.

दुरुस्तीचाही एक धर्म आहे. प्रथम बिजागरी सरळ करून दार चौकटीत नीट बसते की नाही हे पाहावे. पत्र्याचे काम त्यानंतर. आतील अस्तर काढून, पत्र्यामागे लोखंडी ठोकळा धरून, कारागीर बाहेरून हलक्या हाताने ठोके देतो. घाईचा जड ठोका पत्रा ताणतो. ताणलेला पत्रा फुगतो आणि मग तो तापवून, ओल्या फडक्याने निववून आकसवावा लागतो. खड्डा तसाच ठेवून वर लांबी थापली, तर दार चार दिवस गुळगुळीत दिसते. पुढे लांबीस तडा जातो, आत पाणी मुरते आणि गंज पत्रा खाऊ लागतो. रंगही डब्यावरील नावावरून जुळत नाही. उन्हापावसाने उतरलेली छटा अनुभवी नजरेनेच साधावी लागते. ज्या वालचंदनगरच्या यंत्रशाळांत इस्रोच्या अग्निबाणांचे भागही घडले, तेथे धातूशी संयमाने वागण्याचे मोल वेगळे सांगावयास नको.

हे काम दोन दिवसांत उरकत नाही, आणि नवमी तर कोणासाठी थांबत नाही. तेव्हा चेपलेल्या दारानिशीच गाडीची पूजा करावी. व्रण झाकण्यासाठी लांबीची घाई करू नये. ज्या मुलाच्या हातून आगळीक घडली, त्यास बाजूस न सारता त्याच्याच हस्ते हार घालवावा, आणि पुढे कारागिराकडे गाडी नेताना त्यालाही सोबत न्यावे. ठोक्याठोक्याने पूर्ववत होणारा पत्रा पाहून जी सावधगिरी अंगी बाणेल, ती शंभर रागावण्यांनी बाणणार नाही. वस्तू जपणे आणि माणूस न दुखावणे ही दोन्ही व्रते ज्या घरी पाळली जातात, त्या घरावर जगदंबेची कृपा राहो, हीच आमची प्रार्थना.